‘आटणे’ आणि ‘आळणे’ : पिठलं नेमकं काय करतं?

परवा लेकीचा फोन आला. हैदराबादला तिचं नवं बिऱ्हाड, स्वयंपाकाला जेमतेम हात फिरेल एवढा ओटा. पिठलं करत होती. "आई, अजून किती आटवू गं?" मी म्हटलं, "आटवू नकोस बाई, आळलं की उतरव." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "आळलं म्हणजे काय?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. ती मराठी शाळेत शिकली, घरात मराठीशिवाय दुसरं काही नाही, आणि तरी ‘आळणे’ तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिच्या मैत्रिणींना विचारायला लावलं. चौघींपैकी एकीला माहीत होता, तोही आजीमुळे. बाकीच्या ‘घट्ट होणे’ म्हणतात. ते चूक नाही, पण घट्ट झाकणही बसतं, गाठही घट्ट मारतात. ‘आळणे’ हे फक्त चुलीवरच्या पातेल्यात घडतं आणि जे घडतं ते नेमकं सांगतं. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. चुकत असेल तिथे जरूर सांगा.

आटणे म्हणजे पाणी उडून जाऊन ऐवज कमी होणं. दोन लिटर दूध मंद आचेवर ठेवलं, साय कडेला सारत राहिलं आणि लिटरभर उरलं, की दूध आटलं. म्हशीच्या दुधात शेकडा ८२-८३ भाग पाणी, गाईच्या दुधात ८७ च्या आसपास. गाईच्या दुधाची बासुंदी करताना हात का भरून येतो, ते या आकड्यांत आहे. आटल्याची खूण भांड्यावरच दिसते. दूध आधी जिथवर होतं तिथे पिवळसर वळ राहतो आणि दूध त्याच्या चार बोटं खाली गेलेलं असतं. आमच्याकडे तळाशी एक बशी पालथी टाकायचे, म्हणजे दूध लागत नाही. ती बशी सारखी खडखडत राहायची. खडखड थांबली की आजी माजघरातून विचारायची, "बशीवर साय धरली का गं?"

आळण्याचं तसं नाही. पातेल्यातला ऐवज जवळपास तेवढाच राहतो, पण जे पातळ होतं ते अंग धरतं. वाटीभर बेसनाला तीन वाट्या पाणी घातलं, तर ते पाणी उडून जात नाही, पिठात शिरतं. साधारण ६०-७० अंशांच्या पुढे पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सगळं मिश्रण दाट होऊन येतं. पिठलं आळतं, कढी आळते, तांदळाची खीर आळते, अळूच्या भाजीला पीठ लावलं की ती आळते. आणखी एक : आटणं आच बंद केली की थांबतं, आळणं थांबत नाही. पिठलं निवताना आणखी आळतं. म्हणून तर "जरा सैल असतानाच उतरव" असं सांगतात. रात्रीची कढी सकाळी गरम करताना त्यात पाणी घालावं लागतं, तेही यामुळेच.

हा फरक मला पहिल्यांदा कळला तो १९९६ साली, बंगलोरला. पहिली नोकरी, भाड्याची खोली, वातीचा स्टोव्ह. आईने वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पाच-सहा पदार्थ लिहून दिले होते. पिठल्याच्या शेवटी लिहिलं होतं, "आळलं की उतरवणे." शब्द मी घरात हजारदा ऐकला होता, पण हातात पळी नसताना ऐकला होता. मी त्याचा अर्थ ‘आटलं की’ असा धरला आणि पाणी कमी होण्याची वाट पाहत बसले. उतरवलं तेव्हा पळी त्यात सरळ उभी राहिली. निवल्यावर वडी पाडता आली असती. एसटीडीचे दर रात्री अकरानंतर उतरायचे. तेव्हा बूथवर जाऊन फोन लावला, समोर लाल आकडे पळत होते, आणि आई म्हणाली ते मला अजून तसंच्या तसं आठवतं : "अगं, ते काय दूध आहे आटवायला? आधणाची खळखळ, आमटीची खदखद आणि पिठल्याची रटरट. रटरट ऐकू आली की झालं. बघत काय बसतेस, कान दे."

हे मी दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. आधण म्हणजे नुसतं पाणी, ते खळखळा उकळतं. बुडबुडे बारीक, भराभर येतात, फुटल्याची जागाही दिसत नाही. बेसन वैरलं आणि गुठळ्या मोडल्या की आवाज खाली येतो, मिनिटभर काहीच ऐकू येत नाही. मग मधोमध एक मोठा बुडबुडा सावकाश वर येतो, फुटतो, आणि फुटल्यावर तिथे खळगा राहतो. तो खळगा लगेच भरत नाही, कडांनी हळूहळू मिटतो. मग दुसरा, तिसरा. रट, रट, रट. याच वेळी एखादा शिंतोडा मनगटावर उडतो आणि चांगला पोळतो. तो उडाला की झाकण ठेवायचं, एक दणदणीत वाफ काढायची, आणि उतरवायचं. आईला बाहेरच्या खोलीत शेंगा निवडत बसून हे कळायचं. "आळलं गं, बंद कर," ती तिथूनच सांगायची.

आता थोडं व्याकरण, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. ‘आटणे’ची जोडी आहे : दूध आटतं, आपण ते आटवतो. शब्द स्वयंपाकघराबाहेरही गेला आहे. विहीर आटते, गाईचं दूध आटतं, सोनार जुने दागिने आटवतो, आई-बाप मुलांसाठी रक्त आटवतात. ‘आळणे’ची अशी जोडी निदान मी तरी ऐकलेली नाही. ‘पिठलं आळवलं’ असं कोणी म्हणत नाही, कारण ‘आळवणे’ हा शब्द दुसऱ्याच कामाला लागलेला आहे. राग आळवतात, देवाला आळवतात. पिठल्याला ‘आळू द्यायचं’ असतं. म्हणूनच बहुधा लेकीच्या तोंडी ‘आटवू’ आलं. तिला करण्याचा शब्द हवा होता, आणि ‘आळणे’कडे तो नाही.

यात ‘अळणी’ मिसळू नका. तो ‘अलवण’ म्हणजे मीठ नसलेलं यावरून आलेला, ऱ्हस्व अ चा शब्द. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी म्हणतात ते मात्र तिखट न घातलेलं पाणी. त्यात मीठ असतं आणि तरी ते अळणी. मीठ आणि तिखट यांची एवढी अदलाबदल झालेला दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

मी सांगलीची. तुमच्याकडे ‘आळणे’ म्हणतात का? नसतील तर पिठल्याला, कढीला काय म्हणतात? आणि माझा स्वतःचा एक अडलेला प्रश्न : पुरण आटतं की आळतं?

प्रतिसाद, अमरावतीहून

ताई, आमच्याकडे क्रियापदापेक्षा नामच जास्त चालतं : आळण. मेथीचं आळण, पालकाचं आळण. भाजी शिजत आली की बेसन पाण्यात किंवा ताकात कालवून तिला लावायचं, ते कालवलेलं पीठ म्हणजे आळण, आणि तसं करून झालेल्या भाजीलाही आळणच म्हणतात. माझी आई जेवायला बसवायच्या आधी बहिणीला विचारायची, "आळण लावलं का वं?" तेवढ्यावरून आम्हाला कळायचं की आज पालेभाजी आहे आणि भाकरीबरोबर ओरपायला मिळणार आहे.

लग्न झाल्यावर पुण्याला सासुरवाडीत पहिल्यांदा ‘पीठ लावून भाजी’ ऐकलं. आणि ‘पीठ पेरून’ हे तर मला फारच आवडलं. ते कोरडं पीठ वरून भुरभुरायचं, शेतात बी टाकल्यासारखं. म्हणजे तुमच्याकडे लावणं आणि पेरणं वेगळं, आमच्याकडे लावलेल्याला स्वतंत्र नाव. बायको पातेलं म्हणते, मी गंज म्हणतो. ती उलथनं मागते तेव्हा मी सराटा देतो. पंचवीस वर्षं झाली, दोघंही आपापल्या शब्दांवर ठाम आहोत. मुलांना दोन्ही येतात. पण आळण हा शब्द मात्र तिने आमच्या आईकडून घेतला आणि आता तीच सगळ्यांत जास्त वापरते.

प्रतिसाद, रत्नागिरीहून

आमच्याकडे आळणारा पदार्थ म्हटला की कुळथाची पिठी. पावसात बाहेर पडता येत नाही, भाजी मिळत नाही, तेव्हा डब्यातली पिठी असतेच. लसूण, मिरची, दोन आमसुलं, आणि पाण्यात कालवलेलं पीठ. आई सांगायची, पिठी आळली की भातावर घालायची राहत नाही, भाकरीबरोबर खायची होते. म्हणजे भात असेल तर आळण्याच्या आधी उतरवायची, भाकरी असेल तर आळू द्यायची. पदार्थ एकच, पण कशाबरोबर खायचा त्यावर तो किती आळू द्यायचा ते ठरायचं.

तुम्ही आवाजांबद्दल लिहिलंत, त्यावरून आठवलं : खतखतं. भाज्या एकत्र खतखतत शिजतात म्हणून ते नाव, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अळूचं फदफदं त्याच जातीचं. खळखळ, खदखद, खतखत, फदफद. जसजसं दाट होत जातं तसतसा आवाज जड होत जातो, हे तुमचं वाचल्यावर आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं.

पुरणाचं म्हणाल तर आमच्या घरात "पुरण सुकलं" म्हणतात. आळलं नाही ऐकलेलं.

लेखिकेकडून

आळण! अमरावतीकर दादा, याबद्दल तुमचे मनापासून आभार. मी इतकी वर्षं क्रियापद सांभाळत बसले आणि त्याचं नाम तुमच्या गंजात होतं. लेकीला लगेच कळवलं. ‘आटवू’ या जागी तिला आता म्हणता येईल, "आळण लावू?" करण्याचा शब्द हवा होता तो मिळाला.

पुरणाबद्दल रत्नागिरीच्या ताईंनी सांगितलेलं ‘सुकलं’ मला पटतंय, पण पूर्ण नाही. काल मुद्दाम किलोभर डाळीचं पुरण घातलं आणि पाहत बसले. शिजलेल्या डाळीत गूळ पडला की ती आधी पातळ होते, सगळं सैल होऊन जातं. मग गुळाचं पाणी उडत जातं, कडेला वळ दिसतो, कालथा उभा राहतो. डाळीतलं पीठ तर आधीच शिजताना फुगलेलं असतं, ते आता नव्याने काही धरत नाही. म्हणजे पुरण आटतं. आई मात्र ना आटलं म्हणायची, ना आळलं. कालथा मधोमध रोवायची, हात सोडायची, तो पडला नाही की म्हणायची, "आलं पुरण."