जेवण आणि लाइव्ह गाणं: टेबल कुठलं घ्यावं?

वीकेंडला आईला घेऊन बाहेरगावी जातोय. जेवताना समोर गाणं ऐकायची तिला भारी हौस, पण कर्कश आवाज सोसत नाही. टेबल स्टेजजवळचं घेऊ की मागचं?

उत्तर: मागचंच घ्या. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परतवतात, तिथे एवढा फरक पडत नाही. स्पीकरच्या तोंडासमोर मात्र अजिबात बसू नका.

उत्तर: मी तर जेवण आधीच उरकते! मोठ्या आवाजात गोड-खारट चव फिकी लागते. शिवाय गायक आलापाला लागलेला असताना चमच्यांचा खणखणाट मला सहनच होत नाही.

प्रश्नकर्ता: कार्यक्रम मोकळ्या जागेतच आहे. मागचं टेबल आणि लवकर जेवण, आजच फोन करून सांगतो.