फक्त मांसाहारावर राहिलेल्या थोरल्या बंधूंविषयी

सिडकोकर:
माझे थोरले बंधू ४६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून त्यांनी भाकरी, भात, भाज्या आणि फळे पूर्णपणे सोडली आहेत. काळा मसाला आणि कांदा-खोबऱ्याचे वाटणही वनस्पतीजन्य म्हणून त्यांना चालत नाही, त्यामुळे मिठात उकडलेले बिनचरबीचे चिकन आणि अंड्यांचा पांढरा भाग एवढाच त्यांचा आहार उरला आहे. वजन ४ किलोंनी उतरले आणि साखरही खाली आली, परंतु बद्धकोष्ठ आणि मळमळ सुरू झाली असून दुपारी जेवणाआधी त्यांचे हात थरथरतात. ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीइतकीच चालू आहे. बर्फाळ प्रदेशातील इन्युइट लोक मांसावरच जगत आले, असे ते ऐकवतात. यात कितपत तथ्य आहे?

गंगापूररोडकर:
इन्युइटांकडे नंतर वळू, कारण थरथरीचा प्रश्न आजचा आहे. ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारे औषध आहे. जेवणातून पिष्टमय पदार्थ एकदम काढले आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. थरथर होईल त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्यावे, तिथे आहाराचे व्रत पाहू नये, आणि गोळीची मात्रा डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्यावी.

आता मूळ मुद्दा. विल्यालमूर स्टेफान्सन हे संशोधक ध्रुवप्रदेशात इन्युइटांसोबत राहिले होते. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वर्षभर केवळ मांस खाल्ले आणि दोघांनाही स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाला नाही, हे खरे आहे. परंतु प्रयोग दोनच माणसांचा होता, आणि स्टेफान्सन यांना सुरुवातीला चरबीविरहित मांस दिले तेव्हा त्यांना मळमळ व जुलाब झाले; चरबी वाढवल्यावर ते बरे झाले. त्यांच्या आहारातील बहुतांश उष्मांक चरबीतूनच येत होते. प्रथिनांतील नायट्रोजनाचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे जवळजवळ निव्वळ प्रथिनांवर शरीर चालत नाही. बंधूंच्या मळमळीचे मूळ मला इथे दिसते. इन्युइटही यकृत, चरबी आणि देवमाशाची कातडी पुष्कळदा कच्ची खात, त्यातून त्यांना क जीवनसत्त्व मिळे. कुकरच्या चार शिट्ट्यांनंतर चिकनमध्ये ते कितीसे उरणार?

पंचवटीकर:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण साखर उतरल्याचे श्रेय बंधूंना द्यायलाच हवे. वजनाबाबत मात्र लक्षात घ्यावे की शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे यकृत व स्नायूंतील साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, म्हणून सुरुवातीची घट बरीचशी पाण्याची असते. चरबीयुक्त मटणाकडे वळल्यास एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढू शकते. लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) आणि युरिक ॲसिड तपासून घ्यावे. सॉसेज आणि सलामी तर नकोच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, आणि असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो, असे नोंदवले.

सिडकोकर:
दुपारी थरथर होताच तपासले, साखर ६२ निघाली. साखरपाणी दिल्यावर बरे वाटले आणि डॉक्टरांनी फोनवरच गोळी निम्मी केली. उद्या तपासण्या आहेत. बंधू मेथीची भाजी आणि वाटण घ्यायला तयार झाले आहेत, भाकरीचा विचार मात्र रिपोर्ट पाहूनच करू म्हणतात.