‘हॅकर’ला ‘घुसखोर’ म्हणावं का?

देवगड: शाळेच्या हस्तलिखितात संगणक-सुरक्षेवर लेख घेतोय. मुलं ‘हॅकर’ऐवजी ‘घुसखोर’ लिहितात. चालेल? आणि व्हायरसला ‘विषाणू’ म्हणायचं का?

गुहागर: ‘घुसखोर’ सरसकट नको. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या रेल्वे मॉडेल क्लबातली मुलं ‘हॅक’ म्हणायची ते डोकं लढवून केलेल्या करामतीला. आजही कंपन्या पैसे देऊन हॅकरांकडून आपल्याच यंत्रणेतल्या त्रुटी शोधून घेतात. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ‘हॅकिंग’च्या नावानेच होतं, २००८च्या दुरुस्तीत तो शब्द काढला. आता कलम ४३ मालकाची परवानगी होती का ते बघतं आणि ६६ अप्रामाणिक हेतू होता का ते. परवानगी असेल तर हॅकर, नसेल तर घुसखोर, असं मी लिहीन.

वेंगुर्ला: पण ‘नुसतं बघितलं, काही नेलं नाही’ म्हणणाऱ्याचं काय?

गुहागर: तोही घुसखोरच. चाकरमान्याच्या बंद घराची मागीलदारची कडी सैल दिसली तर आपण मुंबईला फोन करतो, माजघरात हिंडून येत नाही. त्रुटी सापडली की मालकाला कळवावं, त्याने दाद दिली नाही तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेला.

‘व्हायरस’ मात्र रुळलाय, राहू द्या. मला खटकतं ते क्रियापद. ‘व्हायरस आला’, ‘व्हायरस लागला’, जणू पडसंच! अहो, तो कुणीतरी बसून लिहिलेला असतो. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम सुटला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि काम ठप्प झालं आपल्या न्हावा शेवा बंदरात, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलवर. रशिया-युक्रेनच्या भांडणाशी उरणच्या ट्रकवाल्याचा काय संबंध? एकदा सोडलेला प्रोग्रॅम कुठे जाईल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, म्हणून ‘माझा रोख दुसरीकडे होता’ हा बचाव मला मुळीच मान्य नाही. मुलांना ‘व्हायरस सोडला’ असं लिहायला सांगा.

वेंगुर्ला: आमच्या बाजारात तर सगळेच म्हणतत, ‘अकाउंट हॅक झालां’. खोदून विचारलं की कळतं, ओटीपी स्वतःच फोनवर सांगितलेला.

गुहागर: ती फसवणूक. तोच शब्द वापरा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करताना नुसतं ‘हॅक झालं’ सांगू नका. कुणाचा फोन आला, त्याने काय विचारलं, पैसे किती वाजता गेले, ते सांगा.