मदत हवी आहे : गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांना ‘सवाई’ला कसे न्यावे?

नमस्कार.

येत्या डिसेंबरात वडिलांना पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला, म्हणजे ‘सवाई’ या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, घेऊन जायचे, असे आम्ही दोघी बहिणींनी ठरवले आहे. त्यासाठी या महोत्सवाला नियमित जाणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. आम्ही दोघीही तेथे कधी गेलेलो नाही. वडील गेले आहेत, पण त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली, आणि आमच्या अडचणीचे मूळ नेमके तेथेच आहे.

वडिलांचे वय ७६ आहे. सोलापूरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. १९९१ ते १९९८ या काळात एकही वर्ष न चुकता ते रजा टाकून सवाईला जात. तेव्हा महोत्सव रमणबाग शाळेच्या पटांगणावर रात्रभर चाले. ते एसटीने पुण्यास जात, सोबत एक सतरंजी आणि एक सोलापुरी चादर नेत, आणि तिकीट नेहमी भारतीय बैठकीचेच, म्हणजे जमिनीवर बसून ऐकण्याचे, काढत. त्या वर्षांच्या त्यांच्या खिशातल्या डायऱ्या अजून कपाटात आहेत. एका पानावर वेळ आणि रागाचे नाव टाकून बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘रात्री २.१०. मालकंस. तंबोरे पुन्हा लावून घेतले. थंडी फार.’ शेवटच्या दिवशी पहाटे पंडित भीमसेन जोशी यांचे गाणे ऐकायचे, मग त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या आवाजातल्या भैरवीची ध्वनिमुद्रिका सगळ्यांबरोबर शांतपणे ऐकायची आणि तसेच स्वारगेटला येऊन सोलापूरची गाडी पकडायची, हा त्यांचा क्रम असे. पुढे आईचे आजारपण सुरू झाले आणि जाणे थांबले ते थांबलेच.

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. चालणे आता चांगले आहे, काठी केवळ गर्दीत लागते. मात्र डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. जमिनीवर मांडी घालून बसायचे नाही, आणि तासाभराहून अधिक काळ एका जागी न बसता उठून चार पावले चालायचे. वडिलांना या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. खुर्चीवर बसून ऐकलेले गाणे अंगात भिनत नाही, असे ते म्हणतात. आणि विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले गायन, चालू असताना श्रोत्याने उठून जाणे हा त्यांच्या दृष्टीने गायकाचा अवमान आहे. मागच्या वर्षी आमच्याच भागातल्या एका खुल्या मैदानावरील कार्यक्रमाला त्यांना नेले होते. तेथे ज्येष्ठांसाठी म्हणून ठेवलेली आसने आधीच भरलेली होती, आणि ते दीड तास कडेला उभे राहिले, पण कोणाला सरकायला सांगेनात. त्या रात्री पाय सुजला. तसे पुन्हा होऊ नये, एवढीच माझी काळजी आहे.

माझे प्रश्न असे आहेत. महोत्सव आता मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो, एवढे मला ठाऊक आहे. तेथे भारतीय बैठक आणि खुर्च्या यांची रचना कशी असते, आणि बैठकीच्या जवळपास राहून पण खुर्चीवर बसून ऐकता येईल अशी जागा मिळते का? पाच दिवसांपैकी कोणते दोन किंवा तीन दिवस निवडावेत? वडिलांच्या डाव्या कानाला श्रवणयंत्र आहे, तर मोठ्या ध्वनिक्षेपकांपासून किती अंतरावर बसणे योग्य ठरेल? सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्यात पोहोचता येते, परंतु तीच गाडी संध्याकाळी परत निघत असल्यामुळे मुक्काम करावाच लागेल. मग मुक्काम कोणत्या भागात करावा, आणि रात्री कार्यक्रम सुटल्यावर रिक्षा मिळते का?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत जड जातो. वडिलांच्या मनात अजून ती रात्रभर चालणारी मैफल आहे. आता रात्री दहाला गाणे थांबते, हे त्यांना आम्ही सांगितलेले नाही. ‘पहाटे एखादा ललत ऐकायला मिळाला तर मी सोन्याने न्हालो’ असे ते परवा म्हणाले. ललत हा पहाटेचा राग. त्यांना हे कसे सांगावे, आणि सांगितल्यावर देता येईल असे काही आहे का?

प्रतिसाद : जुना श्रोता

ताई, आपल्या वडिलांनी रमणबागेत ऐकले तेच मीही ऐकले आहे, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मन भरून आले. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सर्व सोपे आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. गेल्या काही वर्षांत सवाईचा शनिवार या सवलतीत बारापर्यंत चालला आहे. बुधवार ते शुक्रवार दुपारी तीनच्या सुमारास सुरुवात होऊन दहाला समाप्ती, आणि रविवारी दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत, असा साधारण क्रम असतो. यंदाचे वेळापत्रक जाहीर झाल्यावर ताडून पाहा.

वडिलांना हे आधीच सांगा, मंडपात पोहोचल्यावर कळू देऊ नका. आम्हा जुन्या मंडळींना या बदलाचे दुःख झाले, पण त्याने आमच्या पदरात एक गोष्ट पडली, तीही त्यांना सांगा. रात्रभराच्या मैफलीत दुपारचे राग आम्हांला क्वचितच मिळत. आता दुपारी तीनला मंडपात बसलात तर भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती यांची वेळ असते. सूर्य मावळताना मारवा, पूरिया धनाश्री किंवा श्री ऐकायला मिळण्याची शक्यता असते. रविवारी बाराला गेलात तर सारंगाचे प्रकार, म्हणजे शुद्ध सारंग, वृंदावनी, गौड सारंग. कोण काय गाईल हे अर्थात कलाकारावर आहे. तरी जो माणूस डायरीत वेळ लिहून ठेवतो, त्याला भर दुपारी ऐकलेल्या शुद्ध सारंगाचे मोल मी सांगायला नको.

ललत मात्र सवाईत मिळणार नाही, त्यासाठी दिवाळी पहाटेच्या मैफलींना न्यावे. प्रकृतीने साथ दिली तर आणखी एक सुचवतो. वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात हनुमान जयंतीच्या सुमारास जो संगीत समारोह होतो, तो आजही रात्रभर चालतो. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद जानेवारीत असते, आणि तीही रात्र जागवते. डोव्हर लेन बंदिस्त सभागृहात असल्यामुळे खुर्चीची सोय चांगली आहे.

प्रतिसाद : मुकुंदनगरवासी

मी क्रीडासंकुलापासून पायी अंतरावर राहते, म्हणून येण्याजाण्याचे आणि बसण्याचे सांगते.

मुक्काम स्वारगेट ते सातारा रस्ता या पट्ट्यात करावा. पुणे स्टेशनाजवळ राहिलात तर रोज दोन वेळा गर्दीतून यावे लागेल. सोलापूरची एसटी स्वारगेटलाच येते, त्यामुळे वडिलांना रेल्वेच्या जिन्यांपेक्षा ती सोयीची पडेल असे मला वाटते. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही स्वारगेटपर्यंत आली आहे. स्वारगेटहून मंडपापर्यंत रिक्षाने थोडाच वेळ लागतो. परतताना मात्र दहाला सर्व श्रोते एकदम बाहेर पडतात आणि दारासमोर रिक्षा मिळणे कठीण होते. शेवटच्या कलाकाराचे गाणे पूर्ण ऐका, पण त्यानंतर लगेच उठू नका. वीस मिनिटे खुर्चीवरच बसून राहा, मंडप रिकामा होऊ द्या, आणि मग आपल्यापैकी एकीने मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन रिक्षा आणावी. गुडघ्याला धक्का लागतो तो गर्दीत, अंतराने नव्हे.

भारतीय बैठकीचे श्रोते दुपारपासून येऊन सतरंज्या अंथरतात, आणि तेथे एकदा बसले की मध्येच पाय मोकळे करायला जाणे खरोखर अवघड असते. आपण खुर्चीचेच तिकीट काढावे. त्या वर्गात आसनांना क्रमांक आहेत का, हे तिकीट घेताना नीट पाहून घ्यावे, आणि नसतील तर कार्यक्रमाच्या तासभर आधी येऊन रांगेच्या अगदी कडेची खुर्ची धरावी. मंडपाच्या मागच्या अंगाला नेहमीच काही श्रोते उभे राहून ऐकत असतात, त्यात तरुण विद्यार्थी असतात तसे जाणकारही असतात. आपले वडील तेथे जाऊन पाच मिनिटे उभे राहिले तर तो कोणालाही अवमान वाटणार नाही.

दुपारी मंडपात चांगलेच उकडते आणि आठनंतर हवेत गारवा येतो. मैदान मोकळे आहे, पाठीमागून वारा लागतो. कानटोपी आणि शाल पिशवीत हवीच. खाण्याचे स्टॉल आवारातच असतात. मध्यंतराला तेथे फार गर्दी होते, म्हणून डबा जवळ असू द्यावा. स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे हे आल्या आल्या पाहून ठेवा, आणि त्याच बाजूची खुर्ची निवडा.

प्रतिसाद : तानपुरा

श्रवणयंत्राबद्दल अनुभवाने सांगतो, कारण माझ्या काकांना दोन्ही कानांना यंत्र आहे. ध्वनिक्षेपकांच्या थेट समोर बसवू नये. मंडपाच्या मध्यावर, निम्म्याहून थोडे पुढे बसले तर आवाज सारखा येतो. बहुतेक यंत्रे बोलण्यासाठी जुळवलेली असतात, आणि त्यामुळे तंबोऱ्याचा सलग नाद त्यांना गोंगाट वाटतो व ती तो दाबून टाकतात. पुण्याला येण्यापूर्वी यंत्र बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन संगीतासाठी वेगळी जुळणी करून घ्या. काकांना पहिल्या वर्षी गाणे तुटक ऐकू येत होते. ही जुळणी केल्यानंतरच्या वर्षी तंबोरा लागला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

दर तासाला उठण्याबद्दल आपण फार चिंता करू नये. महोत्सवात एका कलाकाराच्या वाट्याला साधारण तासाभराचा वेळ येतो, आणि दोन कलाकारांच्या मध्ये वाद्ये जुळवण्यात बराच वेळ जातो. डॉक्टरांनी सांगितलेला तास आणि सवाईचा तास जवळजवळ सारखाच आहे. वडिलांना गणिताच्या भाषेत हे पटेल.

दिवसांचे म्हणाल तर बुधवार-गुरुवारी गर्दी कमी असते, शनिवार-रविवारी सर्वाधिक. पण मध्यरात्रीपर्यंतचा शनिवार मी त्यांना चुकवू देणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी वडिलांना दहा वाजण्याच्या नियमाबद्दल सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून डायऱ्या काढल्या आणि एकेक पान पाहत बसले. सकाळी मला म्हणाले, ‘शनिवारी बारा म्हणजे दरबारी रागाची वेळ झालेली असते. कोणी गायला तर मिळेल.’ भर दुपारचा सारंग रंगमंचावरून आपण एकदाही ऐकलेला नाही, हेही त्यांनीच डायऱ्या चाळून सांगितले.

आता आम्ही असे ठरवले आहे. शुक्रवारी एसटीने स्वारगेटला उतरायचे आणि त्या दिवशी संध्याकाळी केवळ दोन कलाकार ऐकून जागेचा अंदाज घ्यायचा. शनिवारी दुपारभर विश्रांती घ्यायची, सातच्या सुमारास मंडपात शिरायचे आणि बारापर्यंत थांबायचे. शनिवारी उशिरा गेल्यावर कडेची खुर्ची मिळणार नाही, म्हणून बहीण दुपारीच पुढे जाऊन बसेल. रविवारी बाराला तिघेही जाऊ आणि त्यांना पेलेल तेवढे ऐकू. श्रवणयंत्राच्या जुळणीसाठी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.

खुर्चीला त्यांनी होकार दिला आहे, पण एका अटीवर. जुनी सोलापुरी चादर बरोबर घ्यायची. तिचे काठ विरले आहेत आणि एका कोपऱ्याला चहाचा डाग आहे, तो रमणबागेतला असे ते सांगतात. ती आता खुर्चीवर त्यांच्या गुडघ्यांवर राहील.

एक माहिती अजून हवी आहे. स्वारगेट ते सातारा रस्ता या भागात लिफ्ट असलेले आणि खोलीत कमोडची सोय असलेले साधे, स्वच्छ निवासस्थान कोणाच्या प्रत्यक्ष पाहण्यात असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. शुक्रवार ते सोमवार सकाळ अशा तीन रात्री तिघांसाठी एकच खोली लागेल.