धामणीची वाकडी फाक: सरळ करून कमठा (धनुष्य) काढू की वाकडीच ठेवू?

अनेरकाठ

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, घरची केळी-कापसाची शेती. वैशाखातल्या वादळात बांधावरच्या धामणीची जाड फांदी मोडून पडली. कुऱ्हाड न चालवता पाचरी मारून उभी फोडली. एक फाक चांगली निघाली: लांबी ६ फूट, रुंदी अडीच इंच. साल ओली होती तेव्हाच सोलून घेतली, दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासला आणि धान्याच्या खोलीत सावलीला आडवी ठेवली. भेग एकही नाही.

अडचण अशी की फाक सरळ नाही. मधल्या मुठीपासून हातभर अंतरावर लाकूड डावीकडे जातं, चांगलं दोन बोटं. नेमकी तिथेच सुपारीएवढी गाठ. दुसऱ्या अंगाला पीळ आहे, म्हणजे मधला भाग जमिनीवर सपाट टेकवला की ते टोक तिरकं उभं राहतं. गावात सगळे सांगतात, करवतीवर घाल आणि सरळ पट्टी काढून घे. माझं मन होत नाही, पण का होत नाही ते मला नीट सांगताही येत नाही.

ओढायला ३५ पौंडांच्या आसपास जोर लागेल असा कमठा हवा आहे. खळ्यावर गवताच्या पेंढ्या रचून नेम मारायचा, एवढंच. शिकार वगैरे काही नाही. कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

यावलकर

लाकूड स्वतःच्या बांधावरचं आणि पडलेल्या फांदीचं आहे हे बरं झालं. हे वाचून कोणी जंगलात कुऱ्हाड घेऊन जाऊ नये. अंजन, खैर, तिवस ही झाडं तर स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

शहाद्याचा सुतार

अनेरकाठ भाऊ, तुमचं मन बरोबर सांगतंय. करवतीवर घालू नका. मी दारं-खिडक्या करतो आणि उरलेल्या वेळात कमठे. दाराच्या चौकटीला सरळ कड लागते. कमठ्याला अखंड रेषा लागते. लाकडाचा तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेला पाहिजे. तुमची फाक डावीकडे जाते तिथे सरळ करवत मारली तर तंतू कडेला येऊन तुटेल, आणि ओढताना चिलपट बरोबर तिथूनच उठेल. पाठीला, म्हणजे नेमाकडे तोंड असलेल्या बाजूला, सगळा ताण येतो. धामणीची साल सोलल्यावर जो गुळगुळीत भाग दिसला तीच तुमची पाठ. तिला रंधा, कानस, काही लावायचं नाही. जे काय तासायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने.

आता आखणी. पट्टी विसरा. फाक उन्हात तिरकी धरून पाठीवर बघा, तंतूंच्या बारीक रेघा दिसतील. पेन्सिल त्या रेघांवरून चालवत मधली रेषा काढा. ती डावीकडे गेली तर जाऊ द्या. गाठीपाशी तंतू दोन्ही बाजूंनी वळसा घालतात, नदीतल्या दगडाभोवती पाणी जातं तसे. तिथे कमठ्याची कडही त्या वळशाबरोबर बाहेर फुगू द्या, गाठीच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अखंड लाकूड राहिलं पाहिजे. दिसायला पोट सुटल्यासारखं दिसेल, पण जागा मजबूत होईल.

मग मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मापं घ्या. लांबी साडेपाच फूट ठेवा, जास्तीचं दोन्हीकडून सारखं कापा. मूठ चार इंच, ती वाकणार नाही. हातांची, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागांची, रुंदी अर्ध्यापर्यंत दीड इंच आणि पुढे टोकाला चार सूत. जाडी सुरुवातीला पाऊण इंच. काढणं सोपं आहे, परत लावता येत नाही.

यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. एका टोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून धरा आणि वरून बघा. सुतळी मुठीवरून गेली तर तुमचा कमठा सरळ आहे. मधले हात नागमोडी असले तरी काही बिघडत नाही. मुठीच्या बाहेरून गेली तरच उपाय करायचा, आणि तोही सुतळी मुठीवर येईपर्यंतच. लोक इथे चुकतात, सगळं लाकूड काठीसारखं सरळ करायला बसतात. लाकडाला विनाकारण शेक द्यायचा नाही.

मी वाफ वापरतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, वाकवायचा भाग वर आडवा, भोवती ओलं गोणपाट आणि वरून झाकण. इंचभर जाडीला तासभर, हा हिशेब. बाहेर काढलं की गप्पा नाहीत, १०-१५ सेकंदांत शिकंज्यात गेलं पाहिजे. हवं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवा, कारण सोडल्यावर ते थोडं मागे येतं. रात्रभर तसंच बांधून ठेवा. पिळासाठी मूठ शिकंज्यात आवळा, टोकाला आडवा दांडा बांधा आणि तो हाताने सावकाश फिरवा. थोडा पीळ राहिला तर राहू द्या, दोर टोकाच्या मध्यावर बसला म्हणजे झालं.

वाफेने लाकूड पाणी पितं. लगेच वाकवून बघायचा मोह होईल, पण आठवडाभर तरी हात लावू नका. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

अक्राणीवाला

आमच्याकडे कमठा म्हटला की बांबू. मानवेलचा पक्का, भरीव बांबू निवडतात आणि दोरही बांबूच्याच सालीचा, लांब पट्टी तासून दोन्ही टोकांना वाखाचे फास. काठी गावच्या होळीला आलात तर तीरकमठा खांद्याला लावून आलेली माणसं दिसतील. आमचे म्हातारे वाकडा बांबू घेतच नाहीत, उभा असतानाच पारखतात. त्यामुळे धामणीच्या वाकडेपणावर मी काही सांगणार नाही.

पण शेकाबद्दल सांगतो. आम्ही वाफ करत बसत नाही. निखाऱ्यावर धरतो. ज्वाळ नको, नुसते निखारे. वीतभर वर धरायचं, पोटाची बाजू खाली, शेंगदाण्याचं तेल चोळायचं आणि सारखं हलवत राहायचं. पाठीला बोट ठेवून बघायचं. बोट टिकेना झालं की गुडघ्यावर वाकवायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. पाणी शिरत नाही, आठवडाभर थांबायला नको.

शहाद्याचा सुतार

दादा, हे खरं आहे आणि बांबूला तेच योग्य. धामणीलाही चालतं, पण लाकूड आतून पूर्ण सुकलेलं असेल तरच. ओलावा असताना निखाऱ्यावर धरलं तर आतल्या आत भेगा पडतात. म्हणून मी म्हणेन, अनेरकाठ भाऊंनी बाजूचा कल आणि पीळ वाफेवर काढावा. पुढे कमठा तयार होताना टोकं ओढणाऱ्याकडे कलायला लागली तर तेवढ्यासाठी निखारे. गाठीला मात्र दोन्हींपैकी काहीच नको.

अनेरकाठ

दोघांचे आभार. सुतळी ताणून पाहिली. मुठीच्या कडेवरून जाते आहे, बाहेर नाही! म्हणजे त्या दोन बोटांच्या कलाची मी उगाच काळजी करत होतो. फक्त पिळाच्या टोकाला वाफ देईन. वजन गेल्या दोन आठवड्यांत हललेलं नाही. आता प्रश्न तासण्याचा. सरळ कमठा ओढला की गोलाई डोळ्याला कळते. हा नागमोडी, सारखा वाकतोय की नाही हे ओळखायचं कसं?

शहाद्याचा सुतार

फार चांगला प्रश्न. वाकड्या कमठ्याला सुंदर गोलाईत आणायला गेलात तर मोडेल. जिथे लाकडाला मुळातच उंचवटा आहे तिथे ओढल्यावरही उंचवटा दिसला पाहिजे. तो सपाट दिसायला लागला म्हणजे ती जागा इतरांपेक्षा जास्त वाकते आहे. बघायचं ते हे की न ओढता जसा होता त्यापासून किती बदलला.

वीतभराची सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्या मध्यात भोक पाडून पेन्सिल बसवा. ती पोटावर टेकवून मुठीपासून टोकापर्यंत सरकवत जा, आधी सैल असताना आणि मग ओढलेला असताना. दर वीतभराला पट्टी आणि लाकूड यांच्यातली फट किती वाढली ते लिहा. जिथे कमी वाढली ती जागा कडक, तिथलं पोट तासा. जिथे जास्त वाढली तिथे बोटही लावू नका. गाठीच्या जागी फट सगळ्यात कमी वाढली पाहिजे, ती जागा मुद्दाम कडक ठेवायची. कुऱ्हाड-वाकस सोडा, या टप्प्याला कानस, आणि शेवटी फुटक्या काचेची धार.

ओढायला विहिरीवरची कप्पी वापरा. भिंतीला कमठा मुठीवर टेकवा, दोर खालच्या कप्पीतून लांब न्या आणि आठ-दहा हात बाजूला उभे राहून ओढा. कमठ्याच्या रेषेत तोंड ठेवू नका. मध्ये कापूस तोलायचा काटा अडकवा. ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलो. सुरुवातीला थोडंच खाली आलं तरी काटा १६ दाखवेल, तिथेच थांबा, तासा, पुन्हा ओढा. १६ च्या वर एकदाही नेऊ नका, नाहीतर पोट दबून कमठा कायमचा ढिला पडतो. प्रत्येक तासणीनंतर वीस-तीस हलके हेलकावे द्या, मगच नवी फट मोजा. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो.

टोक ओढताना डावीकडे झुकलं तर डावी कड कमजोर आहे, म्हणून उजव्या कडेचं पोट तासा.

आणि दोर नायलॉनचा नको, तो ताणतो. जाड पॉलिएस्टरचा शिलाईचा दोरा अनेक पदरी वळून घ्या. बाण न लावता दोर कधीच सोडू नका.

अक्राणीवाला

एक राहिलं. झाला की पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका. चैत्र-वैशाखात तिथलं लाकूड कोरडं ठणठणीत होतं, मग ओढताच कडकन जातं. घरात सावलीला आडवा टांगा, दोर उतरवून. उन्हाळ्यात नेम मारायचा तर पहाटे.

अनेरकाठ

आज पाण्याचं पातेलं मांडतो. पीळ निघाला की फटींचा तक्ता इथेच टाकतो, बघून सांगा.

शहाद्याचा सुतार

भाऊ, जमी जाई. तक्त्याबरोबर पाठीचा एक फोटो टाका, सकाळच्या तिरक्या उन्हात काढलेला. गाठीच्या दोन्ही बाजूंचे तंतू मला बघायचे आहेत.