दोन दिवसांची उद्योग परिषद, ३५० माणसं: कार्बन आणि कचरा खरंच कमी कसा करायचा?

लघुउद्योग_समिती
नमस्कार मंडळी. आमच्या संघटनेची वार्षिक परिषद डिसेंबरात पुण्यात आहे. दोन दिवस, ३५० प्रतिनिधी. त्यातले शंभरेक मुंबई-ठाण्याचे, चाळीसेक दिल्ली-चेन्नईहून विमानाने येणारे. 'ग्रीन परिषद' करायची असं ठरलंय. आतापर्यंत सुचलेल्या गोष्टी म्हणजे ज्यूटच्या पिशव्या, बियांच्या कागदाचे बॅज आणि पाहुण्यांना एकेक रोप. खर्च वाढतोय, पण त्यातून घटतंय काय ते कळत नाही. हॉल आणि केटरर अजून पक्के नाहीत. सुरुवात कुठून करावी?

ऊर्जा_हिशेब
हॉल ठरलेला नाही हे फार बरं झालं. आधी आकडे बघा, सगळे ढोबळ आहेत. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. १२५ केव्हीएचा जनरेटर पाऊण लोडवर तासाला वीसेक लिटर पितो. आठ तास चालवला तर १६० लिटर, म्हणजे साधारण ४३० किलो. दिल्ली-पुणे जाऊन-येऊन विमानाचे माणशी दोनशे किलोच्या आसपास होतात. म्हणजे दिवसभराचा जनरेटर आणि दिल्लीचे दोन पाहुणे जवळपास बरोबरीत! बॅज कशाचा केला याने या हिशेबात काहीही हलत नाही.

म्हणून पहिलं काम त्या चाळीस जणांचं. वीस मिनिटं बोलायला येणारा वक्ता पडद्यावर चालतो. फक्त त्यासाठी हॉलमध्ये वायर्ड इंटरनेट हवं. साडेतीनशे फोनांच्या गर्दीत वायफायवरचा व्हिडिओ अडकतोच.

दुसरं, मुंबईकर. सकाळची इंद्रायणी आणि इंटरसिटी दहाच्या आत पुण्यात पोचतात आणि परतीची इंटरसिटी सहाच्या सुमारास सुटते (चालू वेळापत्रक बघून घ्या). उद्घाटन साडेनऊला ठेवलंत तर शंभर माणसं पहाटे गाड्या काढून एक्स्प्रेसवेवर येणार. अकराला सुरू करा, दुसऱ्या दिवशी साडेचारला संपवा आणि हॉल मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असा घ्या.

तिसरं, मंजूर वीजभार, म्हणजे हॉलला वीज कंपनीकडून जास्तीत जास्त किती वीज घेता येते ते. हॉलच्या मॅनेजरला सरळ विचारा: 'एसी, एलईडी वॉल आणि साउंड एकत्र मेन्सवर, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवर, चालतं का?' बऱ्याच ठिकाणी वॉल आणि साउंडवाला आपला जनरेटर घेऊन येतो आणि तो वीज असतानाही चालूच राहतो. करारात 'जनरेटर फक्त स्टँडबाय' असं लिहून घ्या आणि डिझेलचे पैसे मीटरच्या तासांवर द्या, ठोक नको. एसी २४-२५ वर. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था) सांगते. मात्र निमंत्रणातच 'ब्लेझर नको' असं छापा, नाहीतर अकरा वाजताच कोणीतरी १८ करायला लावेल.

वाढपी_नंबर_एक
प्रवासाचं पटलं, पण जेवणाकडे दुर्लक्ष नको. केटरर 'गॅरंटी प्लेट'वर, म्हणजे आधी कबूल केलेल्या ताटांच्या आकड्यावर, बिल लावतो, त्यामुळे कमी शिजवण्यात त्याचा फायदा नसतो. नोंदणी ३५० असली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं गळतात. प्रत्येक जेवणाची गॅरंटी वेगळी ठरवा आणि अंतिम आकडा आदल्या संध्याकाळी द्यायची मुभा करारात घ्या. पदार्थ मोजके: एक उसळ, एक हंगामी भाजी, पोळी, वरणभात, कोशिंबीर, एक गोड. सोळा पदार्थ मांडले की लोक सोळाही चाखतात आणि बारा टाकतात.

पाणी: माणशी सव्वा लिटर धरा. दिवसाला वीस लिटरचे २२ जार, वर तीन राखीव. स्टीलचे पेले ५००-५५० आणि धुवायला दोन माणसं. माणसं ठरवली नाहीत तर चहाच्या सुट्टीत पेले संपतात आणि केटरर कागदी कपांचा गठ्ठा बाहेर काढतो. त्या कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, रद्दीवाला घेत नाही.

उरलेलं अन्न द्यायचं तर रॉबिन हूड आर्मीसारख्या स्वयंसेवकांशी आठवडाभर आधी बोला. फक्त न वाढलेलं, झाकलेलं, गरम अन्न द्या आणि बुफे बंद झाल्यावर दोन तासांत खाल्लं जाईल असं बघा. कोमट राहिलेला भात सगळ्यात धोक्याचा.

ओला_सुका
कचऱ्याचं पुण्यात सोपं आहे. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. डबे हॉलभर विखरू नका. ताटं ठेवायची जागा एकच, तिथे ओल्याचा ड्रम आणि शेजारी एक माणूस उभा. माणूस नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत ओल्यात टिश्यू आणि टूथपिक पडतात, पुढचे सगळे तेच करतात.

'कंपोस्टेबल' पारदर्शक ग्लास घेऊ नका. ते पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकचे असतात. पीएलए कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातलं ६० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. सोसायटीच्या खड्ड्यात ते तसंच पडून राहतं. दिसायला पेटसारखं (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), त्यामुळे सुक्यात गेलं तर तिथलंही भंगार बिघडवतं.

आणि उघड्या लॉनवर करणार असाल तर: परवाना नसलेल्या जागी १०० पेक्षा जास्त माणसं जमणार असतील, तर महापालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं (१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आहेत, चालू नियम बघून घ्या).

लघुउद्योग_समिती
फारच कामाचं. एक अडचण: प्रायोजकाला फ्लेक्स आणि लोगोवाल्या बाटल्या हव्यात.

ओला_सुका
१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. नेहमीचा फ्लेक्स जाड असल्याने तो यातून सुटतो, पण त्याला पुढे कोणी घेत नाही. सुती कापडावर छापा, वर साल-तारीख टाकू नका, पुढच्या वर्षी तोच लागेल. बाटल्यांऐवजी जारच्या स्टँडवर प्रायोजकाचा लोगो द्या. दोन दिवस सगळे तिथेच येणार, त्याला आणखी काय हवं?

ऊर्जा_हिशेब
बॅज साध्या जाड पुठ्ठ्याचे, प्लास्टिकच्या पाकिटाशिवाय. दोऱ्या परत घ्यायला पेटी दाराशी नको, शेवटच्या चहाच्या टेबलावर ठेवा. दारापर्यंत जाताना लोक फोनवर असतात. रोपं तर रद्दच करा, विमानात कुंडी कोण नेणार?