घरच्या वायफायवर फोन टिकत नाही, तातडीने मदत हवी आहे

केवडा (शनिवार, रात्री ८:४०)

नमस्कार मंडळी. घरातलं वायफाय फोनला लागतं आणि थोड्या वेळात जातं. परत लागतं, परत जातं. राउटर बंद-चालू करून झाला, फोन बंद-चालू करून झाला, नेटवर्क काढून टाकून पासवर्ड नव्याने घातला. लॅपटॉपला काही त्रास नाही, म्हणजे नेट येतंय. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणतो, आमची लाइन ठीक आहे, तुमचा फोन बघा. सोमवारी सकाळी माझी ऑनलाइन मुलाखत आहे आणि लॅपटॉपचा कॅमेरा गेलाय, त्यामुळे ती फोनवरूनच द्यावी लागणार. मोबाइलची रेंज इथे अंगणात जाऊन उभं राहिलं तरच येते. नेमकं काय करायचं ते कृपया सांगा.

आडवाट (रात्री ८:५२)

फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, राउटरपासून किती लांब बसता? आणि मुख्य म्हणजे 'जातं' म्हणजे काय होतं? वायफायचं चिन्हच जातं, की चिन्ह राहतं आणि नेट चालत नाही? दोन्हीची कारणं अगदी वेगळी आहेत.

तारमास्तर (रात्री ८:५८)

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, त्यातला ५ बंद करून टाका. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त २.४ चालू ठेवा. ५ ला वेग आहे, पण मध्ये भिंत आली की दम तोडतो. फोन ५ वरून २.४ वर आणि २.४ वरून ५ वर उड्या मारत बसतो आणि प्रत्येक उडीला नेट तुटतं. आमच्या इमारतीत कितीतरी घरांत मी हेच करून दिलंय, कुणाची परत तक्रार नाही.

पंचगंगा (रात्री ९:०६)

असं सरसकट सांगू नका हो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर तेवढ्यातच दाटी करून बसलेले असतात. ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्ह तिथंच. आमच्याकडं २.४ बंद केलं तेव्हा कुठं फोन ताळ्यावर आला.

तारमास्तर (रात्री ९:११)

केवडा यांनी अंगणात रेंज येते म्हटलंय, म्हणजे घर गावातलं आहे. तिथे शेजाऱ्यांच्या राउटरची दाटी कुठून येणार? गावातल्या ऐसपैस घरात २.४ च लागतं.

पंचगंगा (रात्री ९:१५)

गावात आता घरटी फायबर आलंय, जरा फिरून बघा. पण आधी त्यांना उत्तर तर देऊ द्या.

केवडा (रात्री ९:३०)

अँड्रॉइड १३ आहे. घर चिपळूणच्या पुढे, चिऱ्याचं. राउटर माजघरात आहे, मी मागच्या खोलीत बसते. चिन्ह जात नाही. त्याच्यावर उद्गारचिन्ह येतं आणि नावाखाली 'इंटरनेट नाही' असं दिसतं. कधी तेही येत नाही, सगळे दांडे भरलेले असतात आणि तरी पाठवलेल्या मेसेजच्या शेजारचं घड्याळ हलत नाही. माजघरात आलं की बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. चॅनेल वगैरे मला कळत नाही, कुठे काय दाबायचं तेवढं सांगा.

मांडवीकाठ (रात्री ९:४१)

चिऱ्याचं घर म्हटलंत तिथेच उत्तर मिळालं. आमचं गोव्यातलं जुनं घरही जांभ्याचंच. भिंती हातभर जाड, दगडात लोहाचा अंश भरपूर आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळपास जातच नाही. आम्ही शेवटी प्रत्येक खोलीत तार ओढली. नवीन बांधणारे आता जांभा सोडून सिमेंटचे ब्लॉक घालतात याचं मला फार वाईट वाटतं. मे महिन्यात जांभ्याच्या घरात जो गारवा असतो तो कुठल्या पंख्याने येत नाही.

पंचगंगा (रात्री ९:४८)

गारव्याचं खरं आहे, पण चिरा आता परवडतोय कुणाला? खाणीवरून गाडी आणायची तर भाड्यालाच पैसे जातात.

बाभूळबन (रात्री ९:५५)

इथे कुणीच मॅक पत्त्याबद्दल, म्हणजे नेटवर्कला दिसणाऱ्या फोनच्या ओळख क्रमांकाबद्दल, बोललं नाही. अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक पत्ता देत नाही, बनवलेला देतो. आयफोनमध्येही २०२० पासून तसंच. राउटर गोंधळतो आणि फोनला बाहेर काढतो. सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन 'डिव्हाइसचा मॅक वापरा' करा. माझ्या ऑफिसात याच एका गोष्टीने सगळ्यांचा त्रास गेला.

आडवाट (रात्री १०:०३)

बाभूळबन, तुमच्या ऑफिसात ठरावीक मॅक पत्त्यांनाच परवानगी असणार, तिथे तो उपाय बरोबर आहे. पण घरी अशी यादी कुणी सहसा करत नाही. शिवाय तो बनवलेला पत्ता साधारणपणे एका नेटवर्कसाठी तोच राहतो, तासातासाला बदलत नाही. त्यामुळे फोन लागतो आणि मग मध्येच नेट जातं, याचा खुलासा त्याने होत नाही.

केवडा, दांडे भरलेले असताना नेट जातंय म्हणजे भिंतीचा दोष नाही. भिंत आडवी आली असती तर दांडे आधी कमी झाले असते. उद्गारचिन्हाचा अर्थ असा: वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारून बघतो आणि तिकडून २०४ या क्रमांकाचं कोरं उत्तर यावं अशी अपेक्षा असते. ते आलं नाही की उद्गारचिन्ह. म्हणजे तुमचा फोन कुठल्यातरी वायफायला नीट जोडलेला आहे, पण तिथून बाहेर जायला वाट नाही.

एवढंच करा. नेट चालू असताना सेटिंगमध्ये वायफाय उघडा, नेटवर्कच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबा, खाली आयपी पत्ता (नेटवर्कमधला फोनचा पत्ता) आणि गेटवे (ज्या यंत्रातून फोन बाहेरच्या नेटवर जातो त्याचा पत्ता) असे दोन आकडे दिसतील ते लिहून घ्या. नेट गेल्यावर तेच दोन आकडे परत लिहून घ्या. चारही इथे द्या. तोवर दुसरं काही बदलू नका.

उंबरठा (रात्री १०:१०)

मुलाखतीसाठी मनापासून शुभेच्छा. मी अशा मुलाखती घेणाऱ्यांपैकी आहे म्हणून सांगतो, फोन हातात धरू नका, डोळ्यांच्या उंचीला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर आडवा टेकवा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. तारेचा इअरफोन असेल तर तोच वापरा, ऐन वेळी चार्जिंग संपत नाही.

तारमास्तर (रात्री १०:१४)

आकडे लिहीत बसण्यात रात्र जाईल. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून ठेवा. सगळं कोरं होऊन नव्याने सुरू होईल.

पंचगंगा (रात्री १०:१६)

केवडाताई, हे अजिबात करू नका! फायबरच्या डब्यात कंपनीने घातलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग असतात. टाचणी घातली की त्याही पुसल्या जाऊ शकतात. मग लॅपटॉपचंही नेट जाईल आणि रविवारी कंपनीचा माणूस येणार नाही. अगदीच करायचं तर फोनमधल्या नेटवर्क सेटिंग रिसेट करा. त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, फोटो वगैरेंना धक्का लागत नाही.

तारमास्तर (रात्री १०:२१)

माझ्याकडे तरी रिसेटनंतर सगळं आपोआप परत आलं होतं. पण मुलाखत तोंडावर आहे, तेव्हा सोमवारपर्यंत नको हे मान्य.

केवडा (रात्री १०:४४)

आकडे घेतले.
चालू असताना: आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
बंद असताना: आयपी १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१
रिसेट केलेलं नाही. आता पुढे काय?

आडवाट (रात्री १०:५१)

सापडलं. गेटवे बदलतोय, म्हणजे घरात पत्ते देणारी दोन यंत्रं आहेत. माजघरातल्याशिवाय दुसरा राउटर कुठे आहे?

केवडा (रात्री १०:५५)

राउटर एकच आहे. मागच्या खोलीत रेंज वाढवायचा डबा आहे तेवढाच, दादा गणपतीला आला होता तेव्हा त्याने लावलाय. वळचणीखालून तार आणून त्यात खोचली आहे. नाव आणि पासवर्ड तोच ठेवलाय, म्हणजे परत परत घालायला नको. तो डबा डोंबिवलीच्या घरी आधी वापरात होता.

आडवाट (रात्री ११:०८)

तो डबा म्हणजेच दुसरा राउटर.

एका वाडीत ग्रामपंचायतीचे दोन शिपाई वेगवेगळे घर नंबर वाटत फिरले तर जे होईल ते तुमच्या घरात चाललंय. फोन वायफायला जोडला गेला की 'मला पत्ता द्या' अशी हाक सगळ्या नेटवर्कभर देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. ते दोन्ही राउटरांत चालू असणार आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता फोन घेतो. माजघरातल्याचं आधी आलं तर नेट चालतं. जुन्याचं आधी आलं तर तो स्वतःलाच गेटवे म्हणून सांगतो, पण त्याच्या बाहेरच्या पोर्टात, म्हणजे निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात, तार नसणार. मग फोन आत येऊन अडकतो. दोघांचं नाव एकच असल्यामुळे तुम्ही चाललात की फोन एकावरून दुसऱ्यावर जातो आणि पुन्हा नव्याने पत्ता मागू शकतो. लॅपटॉप एका जागी असतो, जुनाच पत्ता परत मागतो आणि तो त्याला मिळतो, म्हणून त्याला त्रास दिसत नाही.

आज रात्री फक्त त्या डब्याची वीज बंद करा. फोनचं वायफाय बंद करून चालू करा आणि माजघरात बसून बघा. गेटवे १९२.१६८.१.१ च राहायला हवा. घरात आणखी कशाचं नेट मध्येच अडतं का?

केवडा (रात्री ११:१५)

टीव्हीचं अडतं. गोल फिरत राहतं. बाबा म्हणतात पावसामुळे होतं. डबा बंद केला.

बाभूळबन (रविवार, सकाळी ७:३०)

तरीही मॅक पत्त्याची सेटिंग एकदा बघून ठेवा, पुढे कामी येईल.

केवडा (रविवार, सकाळी ११:२०)

सकाळपासून फोन टिकून आहे. मैत्रिणीशी व्हिडिओवर बराच वेळ बोलले, एकदाही अडकलं नाही. टीव्हीही बंद करून परत लावल्यावर नीट चालतोय. पण मागच्या खोलीत आता एकच दांडा येतो, आणि मुलाखत तिथेच द्यायची आहे. माजघरात आई-बाबांची ये-जा असते आणि शेजारी गिरण आहे, तिचा आवाज येतो. डबा ठेवून काही करता येईल का?

आडवाट (सकाळी ११:४२)

येईल. क्रम मात्र मोडू नका.

वळचणीवरून आलेली तार डब्यातून काढून ठेवा आणि डबा एकटाच सुरू करा. फोन त्याला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. फोन विचारेल की नेट नाही, तरी जोडलेलं राहू का, तर हो म्हणा. पासवर्ड डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो, दादाने बदलला असेल तर त्याला विचारा. 'ॲक्सेस पॉइंट' (पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवणं) असा पर्याय दिसला तर तो निवडा, बाकीचं काम तो स्वतः करतो.

नसेल तर आधी लॅनचा पत्ता, म्हणजे डब्याचा घरातल्या नेटवर्कमधला पत्ता, बदलून १९२.१६८.१.२ करा. डबा पुन्हा सुरू होईल. मग नव्या पत्त्यावर आत जाऊन डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर फोनला पत्ताच मिळणार नाही आणि त्या पानावर परत जाता येणार नाही. तिथेच २.४ चं चॅनेल १ करा, माजघरातल्याचं ६ किंवा ११ असू द्या. शेवटी तार परत लॅन पोर्टातच खोचा, वेगळ्या रंगाच्या पोर्टात नाही.

मांडवीकाठ (दुपारी १२:०५)

वळचणीवरून तार आणली आहे हे वाचून काळजी वाटली. कोकणात मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. तांब्याच्या तारेतून झटका आला तर दोन्ही डबे आणि त्यांना जोडलेलं सगळंच जातं. मुलाखत झाली की ती तार घरातून घ्या. एका तारेची मर्यादा १०० मीटर असते, म्हणजे माळ्यावरून फिरवून आणली तरी लांबी पुरून उरेल.

पंचगंगा (दुपारी १२:१८)

खरं आहे, आणि गडगडायला लागलं की तार उपसून ठेवायची सवय आई-बाबांनाही लावा. दोन्ही डब्यांना छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही घ्या, पण त्यांच्या अडॅप्टरवर १२ च लिहिलंय का ते आधी बघा. काही डबे ९ व्होल्टचे असतात. मुलाखतीच्या वेळेला लाइट गेली तर काय करणार?

केवडा (दुपारी २:३५)

झालं! ॲक्सेस पॉइंटचा पर्याय नव्हता, दुसऱ्या पद्धतीने केलं. पासवर्ड दादाकडून घेतला. मागच्या खोलीत, माजघरात, पडवीत सगळीकडे फिरून बघितलं, गेटवे १९२.१६८.१.१ च दिसतो आणि नेट जात नाही. आडवाट, तुमचे फार आभार. पंचगंगा, टाचणी घालायला मी उठलेच होते, तुम्ही वेळेवर लिहिलंत. वायरमनला विचारलं, उद्या सकाळी लाइट जाणार नाही असं म्हणालाय, तरी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर सांगून ठेवलाय. तार मंगळवारी माळ्यावरून घेते.

सावलीतला (दुपारी ४:१०)

माझ्या फोनचंही असंच होतंय, पण घरात खरोखर एकच राउटर आहे. गेटवे बदलत नाही. 'खाजगी डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करू शकत नाही' असं येतं.

आडवाट (दुपारी ४:२२)

तुमचं कारण वेगळं आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय. सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' शोधा, अँड्रॉइड ९ पासून ती सोय आहे. जाहिराती थांबवायला तिथे कुणाचा तरी पत्ता घातला असेल आणि तो सर्व्हर उत्तर देत नसेल. 'आपोआप' करा. तरीही गेलं नाही तर नवा धागा काढा, आणि फोन, अँड्रॉइडची आवृत्ती, येणारा संदेश आणि गेटवेचा आकडा पहिल्याच पोस्टमध्ये द्या.